नाव खिडकीकडे

एखाद्या पदार्थाने सोमवारी परजीवी मारावेत आणि गुरुवारी त्याच परजीवींच्या केसालाही धक्का लावू नये, या प्रकाराला विज्ञानात नाव नाही. व्यवहारात बरीच आहेत, पण ती छापता येत नाहीत.

आमचा विभाग वाळूमाशीच्या चाव्यातून माणसाच्या शरीरात शिरणाऱ्या एका परजीवीवर नवे औषध शोधतो. शोधण्याची रीत अशी. प्लास्टिकच्या एका पांढऱ्या, पारदर्शक तळाच्या प्लेटवर आठ ओळींत मिळून शहाण्णव घरे असतात. बुद्धिबळाच्या पटासारखी, फक्त प्रत्येक घर म्हणजे करंगळीच्या टोकाएवढा खड्डा. सगळ्या घरांत सारखेच परजीवी सोडायचे. मधल्या ऐंशी घरांत ऐंशी वेगवेगळ्या रसायनांचे एकेक थेंब टाकायचे. तीन दिवस प्लेट उबेत ठेवायची. मग प्रत्येक घरात असे एक द्रावण घालायचे, की जे जिवंत असेल ते अंधूक प्रकाश देईल, आणि तो प्रकाश यंत्राकडून मोजून घ्यायचा. उजेड म्हणजे परजीवी जिवंत, अंधार म्हणजे मेले. आमच्याकडे अंधार ही आनंदाची बातमी असते, हे पाहुण्यांना दोनदा सांगावे लागते.

सात वर्षांत आम्ही साडेसोळा हजार रसायने अशी तपासली. त्यांपैकी पाचांनी परजीवी खात्रीने मारले. त्याच पाचांनी माणसाच्या पेशीही तितक्याच उत्साहाने मारल्या.

त्यानंतर आली प्लेट क्रमांक दोनशे सात. तिच्यावर सी-५ या घरात, म्हणजे वरून तिसऱ्या ओळीत डावीकडून पाचव्या खड्ड्यात, अंधार होता. शंभरातले अठ्ठ्याण्णव परजीवी मेलेले. मी आकडा पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला. चष्म्याचा आकड्याशी काही संबंध नव्हता.

आमच्या संचालकांना माघारी सगळे ‘जवळजवळ’ म्हणतात. त्यांच्या अहवालांत सगळे काही जवळजवळ सिद्ध, जवळजवळ पूर्ण आणि जवळजवळ क्रांतिकारक असते. त्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले तेच मुळी हात चोळत.

“मॅडम, आढावा समिती तीन आठवड्यांनी शुक्रवारी येतेय. एक तरी रसायन खात्रीचं दाखवलं नाही, तर ही खोली शेजारच्या विभागातल्या मलमवाल्यांना जाणार. तुम्हाला ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे.”

“मग हे घालू अहवालात. जवळजवळ खात्रीचं.”

“सर, एकदाच झालंय. पुन्हा करून पाहू दे.”

“करा ना! कोण नको म्हणतंय? मी तोवर लिहून टाकतो.”

त्यांनी लिहून टाकले. मी पुन्हा करून पाहिले.

सी-५ मधील रसायनाची मूळ बाटली शीतपेटीतून काढली. त्याचे कमी-जास्त प्रमाणांतले दहा थेंब नव्या प्लेटवर तपासले. गुरुवारी सगळीकडे उजेड. परजीवी सुखरूप. प्रमाण दुप्पट केले; पुढच्या सोमवारी पुन्हा उजेड. रसायनशास्त्र विभागाला विचारले, बाटलीत जे लिहिले आहे तेच आहे ना? तिथल्या गृहस्थांनी तपासून दोन ओळींचे उत्तर पाठवले. पहिली ओळ: बाटलीत तेच आहे. दुसरी ओळ: आपले डोळे तपासून घ्यावेत.

मग मी अख्खी दोनशे सात क्रमांकाची प्लेटच नव्याने भरायला घेतली. ऐंशीच्या ऐंशी रसायने, त्याच क्रमाने, त्याच जागी. गुरुवारी यंत्राने सांगितले: सी-५, अंधार. अठ्ठ्याण्णव टक्के.

म्हणजे हे रसायन आपल्या प्लेटवर, आपल्या शेजाऱ्यांत असले की मारत होते, आणि एकटे बाहेर काढले की निरुपद्रवी होत होते. घरात वाघ आणि बाहेर शेळी असणारी माणसे मी पाहिली आहेत. रसायन असे वागल्याचे ऐकिवात नव्हते.

माझ्याकडे स्पष्टीकरणे होती. स्पष्टीकरणांचा तुटवडा शास्त्रज्ञाला कधीच नसतो. शेजारच्या घरातली वाफ उडून येत असेल. बाटली गोठवून वितळवताना काही बिघडत असेल. प्लेटच्या मधल्या भागात ऊब कमी-जास्त असेल. प्रत्येकासाठी मी एक प्रयोग आखला, प्रत्येकाने तीन दिवस खाल्ले, आणि प्रत्येकातून निघालेला निष्कर्ष आधीच्या निष्कर्षाला खोटे पाडत होता. वहीच्या डाव्या पानावर मी ‘मारते’ असे लिहीत होते आणि उजव्यावर ‘मारत नाही’. आठवड्याअखेरीस दोन्ही पाने सारखीच भरली.

यात भर घातली मावशींनी. मावशी आमच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षे परजीवी वाढवत आहेत. त्यांच्या नात्यातले इथे कोणी नाही, पण सगळे त्यांना मावशीच म्हणतात. परजीवींना त्या ‘पोरं’ म्हणतात. अख्खी प्लेट दुसऱ्यांदा केली त्या गुरुवारी, द्रावण घालण्याआधी, त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली होती.

“ताई, तुमचं ते सी-५ पाहिलं मी. पोरं मजेत आहेत की.”

“मजेत म्हणजे?”

“म्हणजे पोहतायत. शेपट्या हलवतायत. मेलेली पोरं पोहतात का?”

मी त्यांना समजावून सांगितले. हालचाल आणि प्रकृती या भिन्न गोष्टी आहेत. मरणासन्न पेशीही काही तास हलते. यंत्र मोजते ती पेशीतली ऊर्जा, आणि डोळ्यांना ऊर्जा दिसत नाही. मी हे चांगल्या भाषेत आणि पुरेशा सहनशीलतेने सांगितले, ते आठवून मला आजही कानकोंड्यासारखे होते.

मावशींनी ऐकून घेतले. “बरं बाई. यंत्र म्हणतंय मेली, तर मेली. सुतक पाळू का?”

द्रावण घातले की जिवंत परजीवीही फुटतात, त्यामुळे नंतर तपासायला काही उरत नाही. यंत्राचा शब्द तेवढा उरतो. मी यंत्राच्या बाजूने उभी राहिले. साक्षीदार दोन असतील आणि एकाला भावना असतील, तर दुसऱ्यावर विश्वास ठेवावा, असा माझा नियम होता.

समिती यायच्या आठवड्यात, मंगळवारी, मी दोनशे सात क्रमांकाची प्लेट तिसऱ्यांदा भरून उबेत ठेवली. शुक्रवारी सकाळी तिचा निकाल आणि अकरा वाजता समिती. दुसरे काय करावे ते सुचत नव्हते.

बुधवारी संध्याकाळी मी दादाकडे जेवायला गेले. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. तो लिफ्ट दुरुस्त करतो. एकोणिसाव्या वर्षी त्याला हाच आजार झाला होता: आठ महिने ताप, प्लीहा वाढून बरगड्यांखालून बेंबीपर्यंत आलेली, आणि मग महिनाभर रोज एक सुई. शेजारच्या खाटेवरचा माणूस आजारातून वाचला आणि औषधाने गेला, असे दादा सांगतो. माझ्याकडे त्याचा पुरावा नाही; त्या औषधाने हृदय थांबते याचा मात्र भरपूर आहे. चाळीस वर्षांत त्याच्याहून बरी औषधे आली, पण ती महाग आहेत आणि एकेक करून परजीवी त्यांना सरावतो आहे. दादाला या तपशिलात रस नाही. मी गेले की तो एकच प्रश्न विचारतो, आणि मी सात वर्षे एकच उत्तर देते.

“मिळालं का?”

“नाही.”

“वहिनी, हिला वाढ. नाही मिळालेलं आहे.” बायकोला तो माझ्या नात्यानेच हाक मारतो.

त्या दिवशी मी जेवताना त्याला सगळे सांगितले. कदाचित सांगितले तर मलाच समजेल, या आशेने. वहिनी मध्येच म्हणाली, “म्हणजे मशीन सांगतं मेले आणि मावशी सांगतात जिवंत. मग नवीन मशीन आणा की.”

“मशीन ठीक आहे. ज्या घरांत जुनं औषध घातलंय तिथे अंधार दाखवतं, नुसत्या परजीवींच्या घरांत उजेड. दर प्लेटला अशी सोळा घरं मी मुद्दाम ठेवते. पहिल्या उभ्या रांगेत वरच्या चारांत औषध, खालच्या चारांत नाही. शेवटच्या रांगेत उलट. म्हणजे कुठल्याही बाजूला अन्याय नको. हा आराखडा माझाच आहे.”

“हुशारच तू,” दादा म्हणाला. पानातली चटणी त्याने बोटाने गोळा केली. “आम्हाला कोणी बोलावलं ना, की लिफ्ट तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं की पाचव्यावर जाते, तर आम्ही आधी लिफ्ट उघडत नाही. दोन गोष्टी विचारतो. शेवटची नीट कधी चालली? आणि तेव्हापासून काय हललं?”

“इथे काही हललं नाही.”

“सगळे असंच म्हणतात,” दादा म्हणाला. “मग मी जिना चढून वर जातो.”

गुरुवारी सकाळी मी प्रयोगशाळेचे दार उघडले आणि दाराजवळच्या बादलीला पाय लागून पाणी सांडले. बादली प्रयोगशाळेत पाच आठवड्यांपासून होती. आतल्या भिंतीलगतच्या ओट्यावर छत गळू लागले, तेव्हा ती त्या ओट्यावर ठेवली होती. भरली की कोणीतरी ती दाराशी आणून ठेवी आणि रिकामी करायला विसरे. ओट्यावर आता दुसरी बादली होती. मी फडके शोधत तिच्याकडे पाहिले. जिथे बादली होती तिथे पूर्वी मोजणीचे यंत्र असे.

यंत्र आम्ही खिडकीखालच्या ओट्यावर हलवले होते. मीच एक बाजू धरली होती. हलवल्यावर तपासणीही केली होती, आणि सोळाच्या सोळा घरांनी बरोबर उत्तरे दिली होती, म्हणून तो विषय माझ्या डोक्यातून कायमचा गेला होता.

फडके हातात धरून मी भिंतीवरची पाटी वाचली. मी इथे येण्याआधीपासून ती आहे: ‘नाव खिडकीकडे’. प्रत्येक प्लेटच्या खालच्या कडेवर तिच्या नावाची चिठ्ठी असते. यंत्रात प्लेट ठेवताना ती चिठ्ठी खिडकीच्या बाजूला करायची. जुन्या जागी यंत्रासमोर उभे राहिले की खिडकी पाठीमागे येई. चिठ्ठी खिडकीकडे म्हणजे आपल्याकडे, आणि प्लेट सुलटी. नव्या जागी यंत्रासमोर उभे राहिले की खिडकी समोर येते.

“मावशी,” मी म्हणाले, “यंत्रात प्लेट कशी ठेवता?”

मावशी नुकत्याच आल्या होत्या, पर्स अजून खांद्याला होती. “कशी म्हणजे? नाव खिडकीकडे.”

“आताही?”

“सव्वीस वर्षं.”

मी फडके खाली ठेवले. पाच आठवडे आम्ही प्रत्येक प्लेट उलटी फिरवून वाचत होतो, नियमाचे काटेकोर पालन करून. प्लेटचे कोपरे चारी सारखे. अक्षरे कोरलेली, पण पांढऱ्यावर पांढरी. आणि सोळा घरांनी आम्हाला सावध का केले नाही? कारण माझा न्याय्य आराखडा उलटा फिरवला तरी तसाच दिसतो. वरचे डावे औषध खालच्या उजव्या औषधाच्या जागी जाऊन बसते. चुकीला पकडण्यासाठी ठेवलेला पहारेकरी मीच असा नेमला होता, की त्याला पुढून-मागून चोर ओळखूच येऊ नये.

सी-५ कधी अंधारात नव्हतेच. वरून तिसरे, डावीकडून पाचवे. उलटे फिरवा, की खालून तिसरे, उजवीकडून पाचवे. एफ-८.

मंगळवारी ठेवलेली प्लेट उबेतून काढून मी मावशींकडे दिली. त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. आधी सी-५. “पोहतायत.” मग एफ-८. त्यांनी भिंग फिरवून पुन्हा पाहिले. बाहेर कोणीतरी खुर्ची ओढत नेत होते.

“बघा तुम्हीच,” त्या म्हणाल्या. “माझ्या डोळ्यांना ऊर्जा दिसत नाही ना.”

मी पाहिले. गोल, आखडलेले, निश्चल ठिपके. शेपटी एकही हलत नव्हती.

“मावशी, त्या दिवशी मी…”

“असू दे. ठेवल्या मीच ना उलट्या? साहेबांना माझंच नाव सांगा. मला निवृत्तीला वर्षच राहिलंय.”

“चिठ्ठी तुम्ही नियमाप्रमाणे ठेवलीत. यंत्र मी हलवलं आणि आराखडा माझा. तुमचं नाव कशाला येईल?”

मला या क्षणी आनंद व्हायला हवा होता. झाला तो गोंधळ, आधीपेक्षा मोठा. एफ-८ परजीवी मारते एवढेच कळले होते. ते माणसाच्या पेशी मारते का, ते माहीत नव्हते. फिनेलही परजीवी मारते. आणि पाच आठवड्यांत आम्ही एकच प्लेट वाचली नव्हती, अकरा वाचल्या होत्या. मी जुन्या वह्या काढल्या. या अकरा प्लेटांवर आणखी सात घरे अंधारी निघाली होती. सातही रसायने बाटलीतून काढून पुन्हा तपासली होती आणि सातही नापास झाली होती. प्रत्येकाच्या पुढे माझ्याच अक्षरात लिहिले होते: ‘योगायोग’. खरी मारणारी सात त्यांच्या उलट बाजूच्या घरांत होती, आणि ती मी ‘उजेड’ म्हणून सोडून दिली होती. आपण सात वेळा योगायोगावर विश्वास ठेवला, हे संशयी समजल्या जाणाऱ्या बाईने एका बैठकीत वाचावे असे वाचन नाही.

संचालकांना सांगितले तेव्हा ते खाली बसले. मग त्यांचा चेहरा उजळला.

“मग झालं तर! अहवालात सी-५ काढा, एफ-८ घाला. आकडा तोच. एका अक्षराचा आणि एका अंकाचा प्रश्न आहे.”

“आणि का बदललं, ते?”

“कोण विचारणार?”

“मी विचारलं असतं.”

“मॅडम, समितीपुढे उभं राहून सांगायचं, की आम्ही पाच आठवडे प्लेट उलटी वाचली? विभाग जवळजवळ बंद होईल.”

“आणि नुसतं एफ-८ लिहिलं, तर उरलेली सात कायमची गेली, सर. चुकीची सात नापास का झाली हे सांगितल्याशिवाय खरी सात तपासायला मागणार कशी?”

ते उठले. जाताना दारातल्या बादलीला त्यांचाही पाय लागला.

शुक्रवारी सकाळी तिसरी प्लेट मी स्वतः यंत्रात ठेवली, नाव माझ्याकडे. एफ-८: अंधार. सी-५: उजेड. अकरा वाजता समितीतली चार माणसे लांब टेबलाच्या पलीकडे बसली. अध्यक्ष एक वयस्कर बाई होत्या. चष्मा दोरीने गळ्यात, अहवालाच्या प्रत्येक पानाचा कोपरा दुमडलेला. मी सांगितले. यंत्र, बादली, पाटी, माझा आराखडा, या क्रमाने. विषयाला शोभेल म्हणून मी रिकामी प्लेट हातात धरून त्यांच्यासमोर उलटी फिरवली. ती आधीसारखीच दिसली. माझा मुद्दा तोच होता, पण प्रात्यक्षिक म्हणून त्याचा परिणाम विचित्र झाला.

एक सदस्य म्हणाले, “मला कळलं नाही. आता ही उलटी आहे की सुलटी?”

“ते मलाही सांगता येत नाही,” मी म्हणाले. “तोच प्रश्न आहे.”

अध्यक्षबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “म्हणजे अहवालातलं रसायन चुकीचं आहे.”

“हो.”

“खरं दुसरं आहे. ते औषध होईल की विष, माहीत नाही.”

“नाही माहीत.”

“आणि आणखी सात आहेत, जी तुम्ही फेकलीत.”

“फेकली नाहीत. बाटल्या शीतपेटीत आहेत. फेकली वहीत.”

“थोडक्यात, तुमच्याकडे एक तर काहीच नाही, किंवा आठ आहेत.”

“किंवा मधलं काहीतरी,” मी म्हणाले. माझ्या शेजारी संचालकांनी डोळे मिटून घेतले.

त्या चौघांनी आपसात बोलायला आम्हाला बाहेर पाठवले. बाहेरच्या बाकावर मावशी बसल्या होत्या. त्यांना कोणी बोलावले नव्हते. वीस मिनिटांनी निर्णय कळला. खोली मलमवाल्यांना देण्याचे दोन महिने पुढे ढकलले आहे. आठही रसायने परजीवींवर आणि माणसाच्या पेशींवर, दोन्हींवर तपासावीत. दोन महिन्यांनी आठांतले एकही टिकले नाही, तर खोली जाईल. एका सदस्याने विरुद्ध मत नोंदवले, ते का, हे मला समजते. त्यांच्या जागी असते तर मीही तेच केले असते. इतरांनी तसे का केले नाही, हे मला अजून नीट कळलेले नाही.

दुपारी मावशींनी स्टुलावर चढून पाटीखाली कागद चिकटवला. ‘नाव आपल्याकडे’. उतरून त्यांनी तो वाचला. “पण ताई, पलीकडून कोणी ठेवली तर?”

“पलीकडे भिंत आहे.”

“आज आहे,” मावशी म्हणाल्या.

मी आराखड्याचा कागद काढला आणि एका कोपऱ्यातल्या एका घरात औषध वाढवले. आराखडा आता कुरूप दिसतो. उलटा केला, तर लगेच कळतो.

संध्याकाळी दादाचा फोन आला. तो कुठल्यातरी इमारतीत होता. मागे लोखंडावर लोखंड आपटत होते.

“मिळालं का?”

मी खिडकीखालच्या ओट्याकडे पाहिले. आठ बाटल्या बर्फात ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीवर नाव, आणि प्रत्येकीचे नाव मी त्या दिवशी तीन वेळा तपासले होते.

“माहीत नाही,” मी म्हणाले.

पलीकडचे लोखंड थांबले. “हे नवीन आहे,” दादा म्हणाला. मग त्याने विचारले, “काय हललं होतं?”

“यंत्र.”

“आणि परत जागेवर ठेवलंत?”

“नाही. छत अजून गळतंय.”

“मग त्याचं बघा आधी,” तो म्हणाला आणि जिना चढू लागला असावा, कारण त्याचा श्वास ऐकू येत होता.